किमयागारांची ॲसिडं: तेजाब आलं कुठून आणि कारागिरांनी त्याचं केलं काय

प्रश्न थोडक्यात असा विचारलाय की जुन्या किमयागारांकडे खरंच कडक ॲसिडं होती का, की "सोनं विरघळवणारं पाणी" वगैरे सगळं गूढ भाषेतलं थोतांड, आणि असलीच तर त्याचा प्रत्यक्ष धंद्यात काही उपयोग होता का. शेवटी हेही विचारलंय की यातलं घरी काही करून बघता येईल का. मी सोन्याचांदीच्या ॲसेइंगमध्ये, म्हणजे शुद्धता तपासण्यात, बरीच वर्षं काढलीत आणि सोबत तांब्याच्या प्लेटवर एचिंग, म्हणजे ॲसिडने रेघा कोरायचं काम, करतो, त्यामुळे नायट्रिक ॲसिडशी, म्हणजे जुन्या भाषेतल्या तेजाबाशी, रोजचा संबंध आहे. त्या बाजूनेच लिहितो, इतिहासाच्या प्राध्यापकासारखं नाही.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. होती, ॲसिडं खरी होती, पण लोकांना वाटतं तितकी जुनी नाहीत. आणि ती उशिरा का आली याचं कारण मला तरी "गुप्त कृती" वगैरे वाटत नाही, कारण आहे भांडं, भट्टी आणि शोरा (पोटॅशियम नायट्रेट). हिराकस (लोखंडाचं सल्फेट), तुरटी, मीठ हे सगळं हजारो वर्षं माहीत होतं. नवसागरही (अमोनियम क्लोराइड) तेजाबाच्या कितीतरी आधीपासून वापरात होता. पण ते तापवून निघालेली वाफ पकडायची कशात? लोखंडाचं भांडं खाल्लं जातं, तांब्याचं खाल्लं जातं, नायट्रिक शिशालाही सोडत नाही, चांदीला तर नाहीच नाही, सोन्याचं परवडत नाही. उरते काच आणि चांगली भाजलेली झिलईची माती. ती मोठ्या आचेवर तडकू नये म्हणून बाहेरून चिकणमाती, शेण, केस असलं काय काय कालवून लिंपायचं आणि जोड बंद करायचे. जुन्या पुस्तकांमध्ये या लिंपणाबद्दल पानंच्या पानं असतात, लोक ती कंटाळून सोडून देतात आणि तत्त्वज्ञांच्या दगडाचं, म्हणजे परिसाचं, पान शोधतात. माझ्या मते अर्धी विद्या त्या लिंपणातच आहे.

त्याआधी काय होतं? व्हिनेगर. प्राचीन जगातलं हाताशी असलेलं सगळ्यात कडक आम्ल म्हणजे आंबलेली वाइन, बस्स. पण त्याच्यावर धंदे उभे होते. ख्रिस्तपूर्व ३०० च्या आसपास ग्रीक विद्वान थिओफ्रास्टसने लिहून ठेवलंय की शिसं व्हिनेगरच्या वर ठेवायचं, त्याच्यावर पांढरा थर येतो, तो खरवडायचा, हा झाला सफेदा. तांब्याचं तसंच केलं की हिरवा जंगाल. हे रंग पुढे दोन हजार वर्षं चित्रकारांनी वापरले.

आणि एक गंमत म्हणजे सोनं शुद्ध करायला द्रव ॲसिड लागतंच असं नाही. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात लिडियाच्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) सार्डिस शहरात, म्हणजे तिथल्या क्रीसस राजाच्या काळात, सोनं-चांदीच्या नैसर्गिक मिश्रधातूचे पातळ पत्रे मिठात थर देऊन मडक्यात ठेवायचे आणि सोनं वितळणार नाही एवढ्या आचेवर बराच वेळ ठेवायचे. मिठातून क्लोरीनवाल्या वाफा निघतात, त्या चांदी खातात, तिचं क्लोराइड होऊन ते मडक्याच्या भिंतीत मुरतं, सोनं तसंच राहतं. तिथल्या उत्खननात या कामाच्या भट्ट्या आणि मडक्यांचे तुकडे सापडलेत. म्हणजे ॲसिड "वापरलं" जात होतं पण ते बाटलीत कधी दिसलंच नाही, वाफ म्हणून आलं आणि काम करून गेलं. हीच पद्धत वेगवेगळ्या मसाल्यांनी खूप काळ चालली, अकबराच्या टांकसाळीतल्या पद्धतीत शोरा आणि कच्च्या विटेची पूड येते, तो यातलाच प्रकार.

इजिप्तमधून मिळालेला लायडन पपायरस नावाचा कागद आहे, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आसपासचा, त्यात धातूंना रंग चढवायच्या आणि कमअस्सल सोनं चांगलं दिसवायच्या कृती आहेत, तुरटी, मीठ, हिराकसासारखे क्षार, व्हिनेगर वगैरे. पृष्ठभागावरचं तांबं आणि चांदी खाऊन टाकायची, वर सोन्याचा पातळ थर उरतो. वरून बघणाऱ्याला वाटणार धातूच बदलला. करणाऱ्याला बहुधा माहीत होतं काय चाललंय. किमयेची सुरुवात अशी अर्धी कारागिरी अर्धी चलाखी आहे आणि मला त्यात काही लाजिरवाणं वाटत नाही.

आता खरी ॲसिडं. सगळीकडे वाचायला मिळतं की अरबी किमयागार जाबिर इब्न हय्यानने आठव्या शतकात नायट्रिक, सल्फ्युरिक, अम्लराज (सोनं विरघळवणारं मिश्रण) सगळं शोधलं. हे इतकं सरळ नाही. जाबिर आणि नंतर अल-राझी यांच्या परंपरेत ऊर्ध्वपातन (तापवून निघालेली वाफ थंड करून धरणं), नवसागर, हिराकस या सगळ्याचं काम फार पुढे गेलं होतं, त्यात वादच नाही. पण बाटलीत धरलेल्या नायट्रिकची जी स्पष्ट कृती नेहमी दाखवली जाते ती "गेबर" या नावाने लिहिणाऱ्या लॅटिन लेखकाच्या पुस्तकात आहे, आणि ते लिखाण तेराव्या शतकाच्या शेवटी किंवा चौदाव्याच्या सुरुवातीचं मानतात. नाव जाबिरचं, माणूस दुसराच. अरबी ग्रंथांत याच्या आधीच्या कृती आहेत असं म्हणणारे अभ्यासकही आहेत, वाद चालू आहे. पण शोऱ्याचा मुद्दा मला पटतो, कारण युरोपात शोरा नीट ओळखीचा झाला तोच तेराव्या शतकात, दारूगोळ्यासोबत. शोऱ्याशिवाय नायट्रिक कुठून येणार.

कृतीचा गाभा असा की हिराकस, शोरा आणि तुरटी एकत्र तापवायची, आणि वाफ थंड करून धरायची. आत काय होतं? हिराकस म्हणजे लोखंडाचं सल्फेट, ते जोरात तापलं की फुटतं, गंधकाच्या आम्लाची वाफ निघते आणि खाली लाल लोखंडाचा गंज उरतो. ती वाफ शोऱ्यातून नायट्रिकला हुसकावून लावते. खाली उरलेली ती लाल पूड फेकायची नाही बरं का, तीच काचेला आणि दागिन्यांना पॉलिश करायला जाते, आजही रूज म्हणून विकतात.

इथे एक बारकावा, जो कागदावर दिसत नाही. हिराकसाच्या खड्यात वजनाच्या जवळजवळ ४५ टक्के पाणीच असतं. तो तसाच भांड्यात टाकला तर सुरुवातीला नुसतं पाणी येत राहतं आणि तुमचं ॲसिड पातळ होऊन बसतं. म्हणून जुने लोक आधी हिराकस भाजून पांढरट करून घ्यायचे, आणि पहिलं येणारं पाणचट द्रव वेगळं काढायचे. मग आच वाढवायची. भांड्याचं डोकं लालसर तपकिरी वाफेने भरलं की समजायचं आता खरा माल येतोय, तेव्हा खालचं भांडं बदलायचं आणि जोड बंद करायचे. थर्मामीटर नाही, हायड्रोमीटर नाही, नुसता वाफेचा रंग. मी आजही फ्यूम हूडच्या (वाफ ओढून घेणाऱ्या कपाटाच्या) काचेतून तोच रंग बघून ठरवतो नायट्रिकमध्ये चांदी विरघळायचं काम कुठवर आलंय.

त्यात नवसागर घातला की ते पाणी सोन्यालाही खातं, हेही त्याच पुस्तकात. हेच अम्लराज. आज आपण ते मिठाचं ॲसिड (हायड्रोक्लोरिक) तीन भाग आणि नायट्रिक एक भाग असं करतो, पण तेव्हा मिठाचं ॲसिड वेगळं बाटलीत नव्हतंच, म्हणून नवसागर. एकट्या नायट्रिकला सोनं हलत नाही, एकट्या मिठाच्या ॲसिडलाही हलत नाही. नायट्रिक सोन्याचा अगदी कणभर भाग ओढून काढतं, क्लोराइड त्याला लगेच धरून ठेवतं, परत जाऊ देत नाही, म्हणून पुढचा कण निघतो. आणि चांदीचं नेमकं उलट, नायट्रिकमध्ये ती साखरेसारखी विरघळते पण अम्लराजात तिच्यावर क्लोराइडची पांढरी साल बसते आणि काम अडतं. या दोन पाण्यांच्या मधोमध सगळा सोनार-रिफायनरचा धंदा बसलेला आहे.

आपल्याकडच्या रसशास्त्रातलं (पारा-धातूंच्या जुन्या औषधविद्येतलं) शंखद्राव हे त्याच घराण्यातलं. हिराकस, शोरा, नवसागर, तुरटी असं मिश्रण ऊर्ध्वपातित करून काढलेलं पाणी, शंख विरघळवतं म्हणून ते नाव. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी अशा द्रावांच्या कृती सोळाव्या शतकाच्या आसपासच्या ग्रंथांतून दाखवल्यात. "आपल्याकडे वेदकाळापासून होतं" हे मात्र कृपया कोणी लिहू नका.

आता माझा आवडता भाग, पार्टिंग, म्हणजे सोनं आणि चांदी वेगळी करणं. नायट्रिकची खरी कमाई इथे होती. किमयागार दगड शोधत बसले असतील, पण तेजाबाची मोठी गिऱ्हाइकं होती टांकसाळी आणि रिफायनर. बिरिंगुच्चिओचं पुस्तक १५४० चं, अ‍ॅग्रिकोलाचं १५५६ चं, प्रागच्या लाझारस एर्करचं १५७४ चं, या तिघांत पार्टिंगचं तेजाब कसं काढायचं आणि कसं वापरायचं हे इतकं सविस्तर आहे की थोडे शब्द बदलले तर आमच्या लॅबच्या मॅन्युअलमध्ये खपून जाईल.

तत्त्व असं की सोन्यात चांदी थोडीच असेल तर ॲसिड आत शिरतच नाही, सोनं चांदीला झाकून ठेवतं. म्हणून आधी मुद्दाम चांदी वाढवायची, सोनं साधारण पाव आणि चांदी पाऊण. उलटं वाटतं ना, शुद्ध करायचं तर अजून भेसळ करायची, नवीन पोरांना हे पहिल्यांदा सांगितलं की ती तोंडाकडे बघतच राहतात. मग वितळवून केलेला तो मिश्रधातूचा मणी चपटा करायचा, पट्टी लाटायची, गुंडाळी करायची आणि आधी पातळ, मग जरा कडक नायट्रिकमध्ये उकळायची. चांदी निघून जाते आणि उरते तपकिरी, भुसभुशीत गुंडाळी, सोनं अजिबात वाटत नाही, हात लावला तर मोडेल. ती धुवून लालबुंद तापवली की आकसते आणि एकदम पिवळी होते. चांदी प्रमाणाबाहेर घातली असेल तर मात्र गुंडाळी टिकत नाही, सोन्याची पूड होऊन तळाशी बसते, आणि मग ते कण गोळा करत बसा.

तेजाबात मिठाचा अंश असेल तर दोन घोटाळे होतात, चांदी क्लोराइड होऊन गढूळ पडते आणि थोडं सोनंही विरघळू शकतं. यावर त्या काळच्या लोकांचा उपाय म्हणजे वापरायच्या आधी तेजाबात थोडीशी चांदी विरघळवायची. पांढरा गाळ बसला की वरचं नितळ काढून घ्यायचं, ते झालं शुद्ध. क्लोराइड हा शब्दच तेव्हा नव्हता, पण क्लोराइडची टेस्ट आणि क्लोराइड काढायची पद्धत दोन्ही एका झटक्यात! आज आम्ही डिस्टिल्ड वॉटर वापरतो ते याच कारणाने.

मग चांदी परत कशी मिळवायची, तर त्या पाण्यात तांब्याचा पत्रा टाकायचा. तांबं विरघळतं, चांदी खाली पडते. आता पाणी निळं झालं, त्यात लोखंड टाका, तांबं खाली पडतं. मोरचुदाच्या (तांब्याच्या सल्फेटच्या) पाण्यात लोखंडाचा खिळा टाकला की तो तांब्याचा दिसायला लागतो, आणि हे बघून कितीतरी शहाण्या माणसांनी ठरवलं होतं की लोखंडाचं तांबं होतं म्हणजे तांब्याचं सोनंही होणारच. मला त्यांचं हसू येत नाही, आयन ही कल्पना नसताना डोळ्यासमोर दुसरं काय दिसणार होतं.

पण ॲसिडनेच हा समज खोडायलाही मदत केली. सतराव्या शतकात विटेनबर्गच्या डॅनिएल सेनर्टने चांदी तेजाबात विरघळवली, ते पाणी कागदातून गाळलं, कागदावर काही उरलं नाही. मग टार्टारचा क्षार (पोटॅशियम कार्बोनेट) टाकून गाळ पाडला, तो मुशीत तापवला, चांदी परत हजर. म्हणजे चांदी नष्ट झाली नव्हती, कागदाच्या छिद्रांतून जाईल इतक्या बारीक कणांत पूर्ण वेळ चांदी म्हणूनच होती, असं त्याने मांडलं. अणूची कल्पना नुसत्या वादविवादातून बाहेर काढून प्रयोगावर उभी करायचा हा फार महत्त्वाचा टप्पा आहे, आणि रिफायनरसाठी हे रोजचं काम होतं, त्यांना बहुधा कळलंही नसेल यात एवढं काय आहे.

सल्फ्युरिक आणि मिठाच्या ॲसिडबद्दल पटकन. हिराकस एकट्यानेच तापवला की तेलासारखं दाट द्रव मिळतं, ते सल्फ्युरिक. फार इंधन खातं आणि माल थोडा. मिठाचं ॲसिड वेगळं म्हणून उशिरा आलं, कारण ती मुळात वायू आहे, समोरच्या भांड्यात पाणी नसेल तर निसटून जाते आणि तुम्हाला फक्त खोकला उरतो. जर्मन रसायनज्ञ ग्लॉबरने (१६०४ ते १६७०) मीठ आणि सल्फ्युरिक एकत्र करून ते सरळ काढलं, खाली जो क्षार उरला तोही त्याने औषध म्हणून विकला, आज त्याला ग्लॉबर सॉल्टच म्हणतात. पुढे इंग्लंडमध्ये १७३६ मध्ये जोशुआ वॉर्डने गंधक आणि शोरा मोठ्या काचेच्या भांड्यांत जाळून सल्फ्युरिक काढायला सुरुवात केली आणि १७४६ मध्ये बर्मिंगहॅमला जॉन रोबकने काचेच्या जागी शिशाच्या खोल्या उभारल्या. शिसं सल्फ्युरिकला टिकतं कारण त्याच्यावर सल्फेटचा थर बसतो. परत बघा, कृती बदलली नाही फारशी, भांडं बदललं आणि ॲसिड एकदम स्वस्त झालं.

एचिंगवाल्यांसाठी थोडं. धातूवर मेण-राळेचा थर द्यायचा, सुईने रेघ खरवडायची आणि ॲसिडला खाऊ द्यायचं, ही युक्ती आधी चिलखतं आणि तलवारी सजवणाऱ्यांची. आउग्सबुर्गच्या डॅनिएल होप्फरने १५०० च्या सुमारास तीच कागदावर छापायला आणली, ड्यूररने १५१५ ते १५१८ मध्ये लोखंडाच्या प्लेटवर मोजकी एचिंग केली. लोखंडावर रेघ खडबडीत येते, म्हणून पुढे सगळे तांब्याकडे वळले. पण १६४५ मध्ये अब्राम बॉसने एचिंगचं पुस्तक काढलं त्यात नायट्रिकसोबत दुसरी एक कृती आहे, व्हिनेगर, मीठ, नवसागर आणि जंगाल उकळून केलेलं पाणी, ते तिरप्या प्लेटवर पुन्हा पुन्हा ओतायचं. पहिल्यांदा वाचलं की वाटतं हे काय तांबं खाणार. पण नीट बघा, त्यात विरघळलेलं तांबं आणि भरपूर क्लोराइड आहे, आणि नेमकं हेच कॉपर क्लोराइडचं द्रावण आज सर्किट बोर्डं खायला वापरतात. नायट्रिक बुडबुडे काढतं, रेघेवर बसलेला बुडबुडा तिथलं खाणं थांबवतो म्हणून पिसाने हलवत बसावं लागतं आणि कडा तुटक होतात, बॉसचं पाणी शांतपणे खातं. मी स्वतः हल्ली फेरिक क्लोराइडच वापरतो, नायट्रिकची वाफ घ्यायची हौस फिटलीय.

रंगाऱ्यांनी पण हात मारलाच. कथील ॲसिडमध्ये विरघळवून कोचिनील किड्याच्या रंगात घातलं की किरमिजीचा भडक लाल होतो, हे सतराव्या शतकातलं. अठराव्या शतकात नीळ सल्फ्युरिकमध्ये विरघळवून सॅक्सन ब्लू काढला. आणि अम्लराजातलं सोनं कथिलाच्या द्रावणाने पाडलं की जांभळी पूड मिळते, तिने काच माणकासारखी लाल होते, पॉट्सडॅमला योहान कुंकेलने ती काच करून ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरकडून, म्हणजे तिथल्या शासकाकडून, पैसे मिळवले. सोनं बनवता आलं नाही, पण सोन्याने लाल काच बनवून विकता आली.

आता घरी करायचं का. नायट्रिक, अम्लराज, शोऱ्याचं ऊर्ध्वपातन, यातलं काहीही नाही, अजिबात नाही. ती तपकिरी वाफ घेतल्यावर त्या वेळी फक्त घसा खवखवतो आणि माणूस ठीक वाटून झोपायला जातो, फुप्फुसात पाणी भरतं ते काही तासांनी, कधी कधी दुसऱ्या दिवशी. अम्लराज घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवलं तर गॅस साठून बाटली फुटते. आणि अम्लराजातल्या सोन्यात अमोनिया मिसळला तर जो पिवळट गाळ पडतो तो सुकल्यावर नुसत्या घासण्याने स्फोट होतो, किमयागारांनी हे सोळाव्या-सतराव्या शतकातच लिहून ठेवलंय, तरी लोक अजून व्हिडिओ बघून करायला जातात.

करायचंच असेल तर दोन गोष्टी करा. बरणीत तळाला थोडं व्हिनेगर, वर न बुडेल असा तांब्याचा तुकडा टांगून झाकण सैल ठेवायचं, आठवड्या-दोन आठवड्यांत हिरवा-निळा जंगाल धरतो. आणि मोरचुदाच्या पातळ पाण्यात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा, मिनिटभरात लाल होतो. दोन्हीत तांब्याचे क्षार आहेत, विषारी आहेत, तेव्हा ग्लोव्हज घाला, खायची भांडी वापरू नका आणि उरलेलं पाणी मोरीत ओतू नका. त्यात स्टील वूल टाकून निळा रंग पूर्ण जाऊ द्या, खाली बसलेलं तांबं गाळून वेगळं ठेवा, आणि तो गाळ रासायनिक कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.